१५ कोटी ९१ लाख नाणी आणि मधली एक सरी: १९४५च्या डाइमच्या रोलचं प्रकरण

२०२४चा ऑक्टोबर. ऑफिसात जेवताना माझ्या टीममधल्या एकीने फोन पुढे केला, तू नाणी जमवतोस ना, मग हे बघ जरा म्हणाली. फोटोत एक कागदी रोल, बँकेत नाण्यांची चळत गुंडाळून ठेवतात तसा, जाड तपकिरी कागद, दोन्ही टोकं आत दुमडलेली, अंगावर पेन्सिलीने '४५' लिहिलेलं, आणि एका टोकाच्या दुमडीतून नाण्याची जेमतेम चंद्रकोर दिसत होती, काळपट निळसर. माझा डबा तिथेच थांबला.

गोष्ट अशी की तिचे आजोबा पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात बँकेत काउंटरवर होते. १९४५ला मुलगी झाली, म्हणजे माझ्या सहकारीची आई, तर त्यांनी त्या वर्षीच्या कोऱ्या नाण्यांचे तीन रोल घरी नेऊन ठेवले, सेंटचा एक, निकेलचा, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यांचा एक, आणि डाइमचा, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यांचा एक. पहिले दोन पुढे कुठल्यातरी ओढाताणीच्या वर्षी खर्चात गेले, डाइमचा तेवढा कपाटात राहिला. ५० नाणी, म्हणजे दर्शनी किंमत ५ डॉलर. आई आता ७९ वर्षांच्या, घर आवरायला काढलंय, रोल एका दुकानात दाखवला तर त्याने न उघडताच चांदीच्या भावाने मागितला. सहकारी मला म्हणते, त्याला देण्यापेक्षा तूच घे ना त्याच भावात, तुला आवड तरी आहे.

आता इथेच प्रकरणाची खरी अडचण सुरू होते. मी नुसती नाणी जमवत नाही, मी नेमक्या याच नाण्याच्या मागे सात वर्षं आहे.

ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. हे जे डाइम आहे, दहा सेंटचं नाणं, त्याला सगळे मर्क्युरी डाइम म्हणतात, पण त्यावर मर्क्युरी नाहीच. अॅडॉल्फ वाइनमन नावाच्या शिल्पकाराने लिबर्टीचा चेहरा केला, टोपीला पंख लावले, विचारांचं स्वातंत्र्य म्हणून, लोकांना वाटलं रोमन देव मर्क्युरीच आणि नाव चिकटलं ते चिकटलं. ३० ऑक्टोबर १९१६ला पहिल्यांदा बाजारात आलं आणि १९४५ला संपलं. मधे १९२२, १९३२ आणि १९३३ ही तीन वर्षं छापलंच नाही. वजन अडीच ग्रॅम, ९० टक्के चांदी, बाकी तांबं, व्यास १७.९ मिलिमीटर. टांकसाळी तीन: डेन्व्हरचं असेल तर मागे बारीक डी, सॅन फ्रान्सिस्कोचं असेल तर एस, आणि फिलाडेल्फियाचं असेल तर काहीच नाही. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग आपल्या राजाछाप रुपयासारखंच की, मुंबईच्या टांकसाळीचं टिंब असायचं आणि कलकत्त्याच्या नाण्यावर काहीच नसायचं. बरोबर. सगळी वर्षं, सगळ्या टांकसाळी धरून ७७ नाण्यांचा सेट होतो, माझ्या अल्बमला ७७ भोकं आहेत.

नवशिक्या माणसाला विचारलं की यातलं सगळ्यात दुर्मीळ कुठलं, तर तो १९१६ डेन्व्हर सांगणार, आणि त्याचं चूक नाही. फक्त २,६४,००० छापली. कारण पण मजेशीर आहे, तेव्हा क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यांची मोठी मागणी आली म्हणून डेन्व्हरला सांगितलं की आधी डाइम थांबवा आणि क्वार्टर पाडा. बास, त्या एका हुकुमाने ते नाणं राजा झालं. इतकं की लोक साध्या फिलाडेल्फियाच्या १९१६वर डी चिकटवून विकतात, त्यामुळे ते कोणीही सुटं विकायला आलं तर मी खिशात हात घालत नाही.

१९४५ फिलाडेल्फिया याच्या बरोब्बर उलटं. १५ कोटी ९१ लाख ३० हजार. १९१६ डेन्व्हरच्या सहाशे पट. युद्धाचं वर्ष, आणि चिल्लर लागायचीच. सेंटचं तांबं वाचवायला १९४३ला स्टीलचे सेंट काढले, पाच सेंटच्या निकेलमधून निकेल काढून चांदी घातली, डाइमच्या धातूला मात्र कोणी हात लावला नाही. साधं कोरं १९४५ कुठल्याही नाण्यांच्या प्रदर्शनात टोपलीत पडलेलं असतं, जेवणाच्या पैशात मिळतं. पण तेच नाणं 'फुल बँड्स' हवं म्हटलं की भाव काही हजार डॉलरवर जातो. तेच वर्ष, तीच टांकसाळ, तीच चांदी.

तर हे फुल बँड्स काय. नाण्याच्या मागे काठ्यांची एक मोळी आहे, कुऱ्हाडीसकट, जुनं रोमन चिन्ह, आणि ती मोळी वर, मधे आणि खाली पट्ट्यांनी बांधलेली. मधला जो पट्टा आहे तो खरं तर दोन पट्टे आहेत एकावर एक, आणि दोघांच्या मधे एक बारीक खाच. ती खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड दिसली पाहिजे, मधे कुठे बुजलेली नको, आडवा ओरखडा नको. दिसली तर ग्रेडच्या, म्हणजे नाण्याच्या दर्जाला मिळणाऱ्या नंबरच्या, पुढे एफबी (फुल बँड्स) लागतं. सगळं भांडण तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढ्या जागेवर चालतं.

मी हे बाबांना समजावत होतो (तेव्हा आईबाबा सांगलीहून सहा महिने आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आले होते) आणि मला डाय म्हणजे काय ते मराठीत धड सांगता येईना. ठसा उलटा असतो, नाण्यावर उंच ते त्यावर खोल, नाण्यावर खोल ते त्यावर उंच, असं काहीतरी बोलत होतो. बाबा म्हणाले, म्हणजे नाण्यावर सरी असेल तर ठशावर वरंबा. आणि वरंबा पाण्याने आधी ढासळतो. मी गप्पच झालो, कारण पूर्ण उत्तर तेच आहे. दोन पट्ट्यांच्या मधली सरी म्हणजे डायवरचा केसाएवढा वरंबा, एकेका डायवर नाणी लाखांच्या हिशेबात पाडायची, मग सगळ्यात आधी झिजणार तो तोच. शिवाय वरंब्याच्या दोन बाजूंना ज्या खोलगट जागा, तिथे धातू सगळ्यात शेवटी पोचतो. दाब जरा कमी ठेवला, डाय जास्त दिवस टिकावेत म्हणून पुढच्या आणि मागच्या बाजूच्या डायमधलं अंतर किंचित वाढवलं, की धातू तिथवर चढतच नाही आणि दोन पट्ट्यांच्या जागी एक सपाट पाटी उमटते. म्हणजे नाणं टांकसाळीतून बाहेर पडतानाच अर्धवट. कोणी वापरून झिजवलेलं नाही, जन्मतःच तसं. १९४५ फिलाडेल्फियाची बहुतेक सगळी नाणी अशी सपाट पाटीची आहेत.

म्हणून मला कोणी 'मिंटेज किती', म्हणजे एकूण किती नाणी पाडली, असं विचारलं की मी म्हणतो ते पुस्तकात बघ. कोऱ्या नाण्यात दुर्मीळपणा आकड्यात नसतो, तो ठोक्यात असतो. १९१८ सॅन फ्रान्सिस्को, १९१९ डेन्व्हर, ही पण तशीच, साधं मिळेल, पट्टे सुटे सुटे दिसणारं मिळवताना दमछाक होते. माझ्या अल्बमात एफबीची चार भोकं रिकामी आहेत, त्यातलं एक १९४५.

आणि आता ऑफिसातली ही बाई मला म्हणते, पन्नास घे, चांदीच्या भावात.

खरं सांगतो, दोन मिनिटं डोक्यात घाण विचार आला. हिशेब केला तर प्रत्येक डाइममधे ०.०७२३४ औंस चांदी, पन्नासात ३.६२ औंसच्या आसपास, चांदी तेव्हा औंसाला तीसच्या थोडी वर, म्हणजे एकशे दहा-बारा डॉलर. पन्नास कोरी १९४५ म्हणून नुसती विकली तरी तेव्हा त्याच्या दुपटीच्या वर गेली असती, आणि आत एक जरी एफबी निघालं तर... कोणाला कळलं पण नसतं. संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, मग तिला सांगितलंस का? नाही म्हटलं, अजून नाही. ती काही बोलली नाही, चिरत राहिली. त्याच रात्री मी सहकारीला ईमेल केला, तीन गोष्टी लिहिल्या: चांदीच्या भावात देऊ नकोस, कोणालाच, मलापण नाही, मी स्वतः हेच नाणं शोधतोय, त्यामुळे माझं मत घेताना ते लक्षात ठेव, आणि यातलं कुठलंही नाणं बाहेरून ग्रेड होऊन येईपर्यंत मी विकत घेणार नाही. तोंडी सांगितलं असतं तर मी नंतर फिरलो असतो, मला माझा स्वभाव माहितीय.

पुढचा प्रश्न रोल उघडायचा की नाही. हा वाटतो तेवढा सोपा नाही. न उघडलेला जुना रोल विकायला काढला तर आत काय असेल या आशेवरच लोक जास्त पैसे देतात, उघडला की आशा संपली. दुसरी बाजू अशी की न उघडलेल्या रोलमधे फसवणूक पण भरपूर चालते, दोन टोकांना चकचकीत नाणी आणि मधे वापरून गुळगुळीत झालेली. इथे फसवणुकीचा प्रश्न नव्हता, आजोबांनी स्वतः आणलेला, पण ऐंशी वर्षांत घरातल्या कोणी काढून परत भरला नसेल कशावरून. त्यावर न उघडता एक चाचणी आहे, सरळ वजन करा. पन्नास कोरी चांदीची डाइम्स म्हणजे १२५ ग्रॅम. १९६५पासूनची बिनचांदीची असतील तर तेवढीच नाणी ११३ ग्रॅमच्या आसपास भरतात. झिजकी चांदीची असतील तरी काही ग्रॅम कमी भरणार. तिला म्हटलं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. कागदासकट १२६ आलं. म्हणजे आत पन्नास कोरीच असणार, जवळजवळ नक्की.

पण उघडायचं का ते मी ठरवणार नव्हतो, आणि खरं तर सहकारीपण नाही, कारण रोल तिच्या आईच्या जन्माचा. आईंनी एका वाक्यात निकाल लावला: बाबांनी माझ्यासाठी ठेवलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही, मरायच्या आधी बघू दे.

मग एका शनिवारी मी दीड तास गाडी चालवत तिकडे गेलो, सोबत काळ्या फेल्टचा तुकडा, दहा पॉवरचं लूप, म्हणजे डोळ्याजवळ धरायचं छोटं भिंग, पन्नास प्लास्टिकच्या कॅप्सूल आणि माझा जुना टेबललॅम्प ७५ वॅटच्या पिवळ्या बल्बसकट. हा बल्ब आता इथे दुकानात मिळत नाही, एलईडीच मिळतात, आणि एलईडीखाली, त्यातून दुधी काचेचा असेल तर, नाण्याची झळाळी नीट दिसतच नाही. कोऱ्या चांदीला एक फिरती झळाळी असते, नाणं हळूहळू वाकडं केलं की चाकाच्या आऱ्यासारखी उजेडाची पट्टी गोल फिरते. ती असली की नाणं कोरं, ती तुटली की कोणीतरी हाताळलंय किंवा घासलंय. घासण्यावरून आठवलं, तीन वर्षांपूर्वी माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या टेबलावरची चार काळी पडलेली डाइम्स बघून तिला राहवलं नाही, देवाच्या भांड्यांबरोबर चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख करून ठेवली. मी संध्याकाळी घरी आलो तर ताटलीत चार आरसे. आईला काय बोलणार, तिने प्रेमाने केलं. नाण्यांच्या दुनियेत मात्र काळेपणा चालतो, नैसर्गिक असेल तर आवडतो पण, घासलेलं चालत नाही, ग्रेडच्या जागी 'क्लीन्ड' असा शिक्का बसतो आणि भाव चांदीवर येतो. ती चार आता आमच्या देव्हाऱ्यात आहेत.

तर रोल. कागदाच्या दुमडी आईंनी स्वतः उलगडल्या, लाकडी दातकोरण्याने, फाटू न देता, वीस मिनिटं लागली. मी नुसता श्वास धरून बसलो होतो, आणि नाण्यावर वाकून बोलू नका एवढंच सांगत होतो कारण थुंकीचा कण पडला की काही महिन्यांनी तिथे काळा ठिपका उठतो. टोकाचं नाणं निळं-जांभळं झालेलं, कागदातल्या गंधकाने होतं तसं, त्याच्या मागची सगळी पांढरी शुभ्र. फेल्टवर घरंगळली तेव्हा आईंनी तोंडावर हात ठेवला. पन्नासच्या पन्नास १९४५, मागे कुठलंच अक्षर नाही, म्हणजे फिलाडेल्फिया. हे घर जिथे आहे तिथून ती टांकसाळ तासाभरावर, स्प्रिंग गार्डन स्ट्रीटवरची दगडी इमारत, १९६९ला टांकसाळ दुसरीकडे गेली आणि आता तिथे कम्युनिटी कॉलेज भरतं.

आता मी जी चूक नेहमी करतो ती त्या दिवशीपण केली असती. पन्नास नाणी म्हणजे पन्नास संधी, असं वाटतं ना? पण आधी पुढची बाजू बघत गेलो आणि सहाव्या-सातव्या नाण्यापासून मानेमागच्या मोकळ्या जागेत एक केसाएवढी उंच रेघ सारखी दिसायला लागली. उंच रेघ म्हणजे नाण्यावरचा ओरखडा नाही, ओरखडा खोल असतो. उंच रेघ म्हणजे डायवर ओरखडा. ती ३१ नाण्यांवर निघाली, त्याच जागी, त्याच तिरकसपणे. अजून १७ नाण्यांवर कडेपासून आत येणारी दुसरीच एक चीर. उरली दोन, त्यांच्यावर यातलं काहीच नाही. मागच्या बाजूच्या खुणापण तशाच जुळल्या. म्हणजे पन्नास नाणी, पण डायच्या जोड्या तीन किंवा फार तर चार. मशीनमधून ओळीने पडली, पोत्यात गेली, बँकेत ओळीने रोल झाली, मधे फारशी मिसळलीच नाहीत. ज्या डायचा वरंबा ढासळलाय त्याच्या एका नाण्यावर सरी नाही तर एकतिसांवर नाही. हे एकदा कळलं की तीन तासांचं काम पंधरा मिनिटांचं होतं, आणि हे मला सात वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

एकतीसच्या एकतीस सपाट. पाटीच. सतरामधे डावीकडे थोडी खाच, मधे विरलेली, उजवीकडे काहीच नाही. उरलेल्या दोनपैकी एक सपाट.

आणि दुसरं. लूप लावलं आणि सरी दिसली. डावीकडून उजवीकडे, अख्खी, दोन पट्टे सुटे सुटे आणि वर गोलाई आलेली. पुढच्या बाजूला गालावर एकही मार नाही, झळाळी कड्यापासून कड्यापर्यंत. मी ते खाली ठेवलं, पाणी प्यायलो, परत उचललं. परत दिसली. बघा, माझा हात कापत होता हे मला नंतर सहकारीने सांगितलं.

मी त्यांना म्हटलं, हे एक पाठवण्यासारखं आहे, पण ऐका. बाहेरच्या कंपनीकडे ग्रेडिंगला पाठवायचं, ते तज्ज्ञांकडून तपासून १ ते ७० मधे नंबर देतात, ६०च्या वर म्हणजे कोरं, आणि कडक प्लास्टिकमधे सीलबंद करून परत पाठवतात, त्याला स्लॅब म्हणतात. फी, पोस्ट, इन्शुरन्स धरून पन्नासेक डॉलर जातील. एफबी आलं तर काही हजारांचं नाणं, नाही आलं तर तीस-चाळीसचं, म्हणजे फीपण निघणार नाही. चान्स किती, असं आईंनी विचारलं. मी म्हटलं, मला विचाराल तर सत्तर टक्के, पण मला विचारू नका, कारण मला ते हवंय. त्या हसल्या. म्हणाल्या पाठव. सहकारीच्या नावाने अर्ज केला, माझं नाव कुठेच घातलं नाही, फी मी देतो म्हटलं तर तिने ऐकलं नाही.

मग सात आठवडे. या सात आठवड्यात मी काय केलं तर त्या नाण्याचे मी काढलेले फोटो रोज रात्री उघडून बघितले, आणि दर वेळी सरी जास्तच स्पष्ट दिसायला लागली. बायको म्हणाली, फोटोला आता फेअर अँड लव्हली लावू का. बाबा मात्र परत जायच्या आधी एकदा फोटो बघून म्हणाले, उजेड एकाच बाजूने आहे की रे. मी म्हटलं हो बाबा, लॅम्प एकच होता. विषय तिथेच संपला, माझ्याकडून.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. एमएस ६६, एमएस म्हणजे मिंट स्टेट, कोरं. पुढे काही नाही. एफबी नाही.

पहिली प्रतिक्रिया कुठल्याही कलेक्टरची असते तीच, ग्रेडरने घाईत बघितलं असणार. परत पाठवू, दुसऱ्या कंपनीकडे पाठवू. ही खोड फार महागात पडते, एकच नाणं चार-चारदा पाठवणारे लोक मी बघितलेत, दर वेळी फी आणि दर वेळी तेच लेबल. स्लॅब सहकारीकडे आला तेव्हा मी तो तिच्या डेस्कवर घेतला, फोनचा टॉर्च लावला, आणि या वेळी पहिल्यांदा उजेड वरून न टाकता बाजूने टाकला. मधली सरी आडवी आहे. उजेड वरच्या बाजूने आला की वरच्या पट्ट्याची सावली खालच्यावर पडते आणि सरी नसली, नुसता उतार असला, तरी काळी रेघ दिसते, तीच मला दिसली होती. उजेड डावीकडून, सरीच्या लांबीने आत सोडला की खाच खरी असेल तिथपर्यंत तो आत जातो आणि बुजलेली असेल तिथे अडतो. माझ्या नाण्यात तो दोन तृतीयांश गेला आणि उजव्या बाजूला थांबला. तिथे दोन पट्टे एक झालेले, अगदी थोडे, पण झालेले. तीन तास मी तिकडे बसलो होतो, एकदाही नाणं नव्वद अंशात फिरवलं नाही. फिरवायचं सुचलं नाही असं नाही, आता प्रामाणिकपणे बोलायचं तर फिरवायची इच्छा नव्हती. सपाट एकतीस मी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली होती.

तेव्हापासून कोणी मला एफबी म्हणून सुटं १९४५ दाखवलं तर मी बोलतच नाही, आधी टॉर्च आडवा धरतो. आणि लूपमधून सरीच्या तळाशी बघतो, तळ खडबडीत चिरल्यासारखा असेल तर कोणीतरी सुईने ओढलेली आहे, तसले उद्योग पण होतात. विक्रेत्याच्या फोटोवर तर विश्वास ठेवूच नका, त्याचा लॅम्प तो जिथे ठेवतो तिथेच का ठेवतो ते मला आता कळलंय.

रोलचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ४९ नाणी कॅप्सूलमधून काढून प्लास्टिकच्या ट्यूबमधे भरली, कारण कॅप्सूलच नाण्यांपेक्षा महाग पडत होत्या. निळं-जांभळं टोकाचं नाणं सहकारीने स्वतःला ठेवलं, मला ते सगळ्यात सुंदर वाटतं पण मी बोललो नाही. मला त्यांनी एकतीसातलं एक दिलं, फुकट घ्यायला बरं वाटेना म्हणून मी दहा डॉलर पुढे केले, आई म्हणाल्या दर्शनी किंमत दे, मग मी दहा सेंट दिले, एक रुझवेल्टचं डाइम. आता यात एक गंमत आहे जी मला गाडीत बसल्यावर सुचली: रुझवेल्ट १२ एप्रिल १९४५ला गेले, पोलिओच्या निधीसाठी लोकांनी डाइम-डाइम पाठवायची त्यांनी चळवळ चालवली होती म्हणून त्यांचाच चेहरा डाइमवर आणला, जानेवारी १९४६ला, आणि म्हणूनच १९४५ हे मर्क्युरीचं शेवटचं वर्ष ठरलं. एकाच्या बदल्यात दुसरं दिलं होतं मी. माझ्या अल्बममधे १९४५च्या भोकात ते सपाट पाटीचं नाणं बसवलंय, पेन्सिलीने खाली 'तात्पुरतं' लिहून.

स्लॅब आईंना द्यायला मी पण गेलो होतो. त्यांनी तो हातात घेतला, खाली-वर केला, प्लास्टिकवर नख फिरवलं आणि विचारलं, याला हात लावता येत नाही का? मी म्हटलं नाही, बोटाचा घाम लागला की डाग पडतो, म्हणून तर सील केलंय. बरं, म्हणाल्या, आणि स्लॅब टेबलावर ठेवला. मग ट्यूबचं झाकण उघडून एक नाणं तळहातावर पाडलं, कडेच्या खाचांवरून बोट फिरवलं, मग अंगठा सरळ लिबर्टीच्या गालावरून. माझे दात आवळले गेले. कोरं नाणं, ऐंशी वर्षं कोणी शिवलेलं नाही, आणि असा अंगठा. मी काहीतरी बोलणार होतो, सहकारीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आईंनी ते नाणं कोटाच्या खिशात टाकलं, जिथे गाडीच्या किल्ल्या होत्या, आणि आम्हाला कॉफी करायला उठल्या. चालताना खिशात किल्ल्यांवर ते वाजत होतं, चांदीचा आवाज वेगळाच येतो, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता.